विद्याव्रती सरफोजीराजे

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. पोटासाठी देशभरातून माणसे आली. त्यांत तमिळ कुटुंबेही होती. परमुलखात पाय टेकले, की आईबापांना पहिली काळजी लागते ती मुलांच्या शाळेची. मुंबईत माटुंग्याला 1932 साली एम. व्ही. वेंकटेश्वरन यांनी पत्नीच्या सोन्याच्या बांगड्या मोडून दाक्षिणात्य मुलांसाठी शाळा काढली. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी ती हीच.

परंतु या वाटेने उलट दिशेला आपली माणसेही गेली होती. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापले आणि त्यांच्यामागून कितीतरी मराठी कुटुंबे तमिळ देशात स्थायिक झाली. त्या मुलखात विद्येचे सर्वांत मोठे काम केले ते दुसऱ्या सरफोजीराजांनी.

सरफोजींचा जन्म 1777 चा. तुळजाजीराजांनी 1787 मध्ये त्यांना दत्तक घेतले व लवकरच ते निवर्तले. गादी चुलते अमरसिंग यांच्याकडे गेली आणि या पोरक्या मुलाच्या वाट्याला छळ व बंदिवास आला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांना जपले, त्यांच्या शिक्षणाची सोय केली व कंपनी सरकारकडे त्यांची बाजू मांडली. 1798 मध्ये सरफोजींना राज्य मिळाले. मात्र तो दिवस पाहण्यापूर्वीच, त्याच वर्षी, श्वार्ट्झचे निधन झाले होते.

राज्य मिळाले तेही नावापुरतेच. 1799 च्या तहाने सारा कारभार कंपनीने घेतला. राजांकडे उरला तो किल्ला आणि ठरलेला तनखा. असा राजा ऐषारामात बुडून गेला असता, तर कोणी नवल केले नसते. सरफोजींनी मात्र आपला वेळ व पैसा विद्येकडे वळविला.

त्यांनी तंजावरला आणि ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात मोफत शाळा चालविल्या. वाटसरूंना अन्न देणारे छत्र त्यांच्यामुळे मुलांना अक्षरेही देऊ लागले. संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी अशा भाषा तेथे शिकविल्या जात. राजाची भाषा मराठी म्हणून तमिळ मुलाची भाषा वर्गाबाहेर ठेवलेली नव्हती, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 1805 मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना काढला. त्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक तर त्यांनी स्वतः रचले. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यातली भविष्य सांगणारी कुरवण सरफोजींच्या नाटकात मराठीतून साऱ्या जगाचा भूगोल सांगते! दोन भाषांचा असा संसार अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

नायक राजांच्या काळापासून चालत आलेला सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी देशोदेशीचे ग्रंथ मिळवून वाढविला. 1820 ते 1822 च्या काशीयात्रेतही त्यांनी पोथ्या जमविल्या. 7 मार्च 1832 रोजी ते निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये वारले, त्यांना पुत्र नसल्याने कंपनीने उरलेसुरले राज्यही खालसा केले.

राज्य बुडाले, ग्रंथालय उरले. तंजावरकडची मराठी कुटुंबे आजही घरात आपल्या वळणाची मराठी बोलतात आणि बाहेर तमिळमध्ये व्यवहार करतात. सरफोजींच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी माटुंग्यात बांगड्या मोडल्या गेल्या. तिकडे राजाचा तनखा होता, इकडे एका गृहिणीचा दागिना, तळमळ एकच.

आपल्या वर्गात शेजारच्या बाकावर एखादा तमिळ विद्यार्थी बसलेला असतो. त्याला आपण परका म्हणणार असू, तर तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेल्या आपल्या पूर्वजांना काय म्हणावे, याचाही विचार करावा लागेल.