भगवान दादा
भगवान आबाजी पालव ऊर्फ भगवान दादा (१ ऑगस्ट १९१३, अमरावती – ४ फेब्रुवारी २००२, मुंबई) हे हिंदी चित्रपटांतील अभिनेते, दिग्दर्शक व निर्माते होते. गिरणी कामगाराच्या या मुलाने आरंभी मजुरी केली आणि मूकपटांतील लहान भूमिकांतून चित्रपटसृष्टीत प्रवेश केला. ‘बहादुर किसान’चे (१९३८) ते सहदिग्दर्शक होते. सी. रामचंद्र यांचे संगीत लाभलेल्या ‘अलबेला’ने (१९५१) त्यांना कीर्ती व वैभव दिले. पुढील चित्रपटांच्या अपयशामुळे बंगला व मोटारी विकाव्या लागल्या. उत्तरायुष्यात त्यांनी उदरनिर्वाहासाठी किरकोळ भूमिका स्वीकारल्या. कित्येकदा गाण्यातील नाचापुरतेच ते पडद्यावर दिसत. त्यांच्या या नृत्यशैलीचा प्रभाव अमिताभ बच्चन यांच्यासह अनेक नायकांवर पडला. दादरच्या चाळीतील घरी त्यांचे निधन झाले.