मस्जिदीच्या अंगणातील तंबू : ह. रुफैदा अस्लमिया (रजि.)



गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगून आरंभ करतो. आमच्या मक्तबमधील सात वर्षांचा एक मुलगा ओल्या पायरीवरून घसरला. त्याच्या कपाळाला खोल जखम झाली. क्षणार्धात वीस-पंचवीस माणसे जमली. कोणी हळद आणली, कोणी चहापत्ती. कोणी त्याला उचलून उभे केले, तर कोणी रडू नकोस म्हणून रागावला. माझ्या खांद्यावर स्वच्छ रुमाल होता. परंतु तो जखमेवर दाबून धरावा, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. शेवटी एका शेजारणीने ते केले. मुलगा आज सुखरूप आहे, अल्हम्दुलिल्लाह. मात्र इतकी वर्षे ग्रंथ वाचून मी त्या क्षणी निरुपयोगी ठरलो, ही बोच मनात राहिली. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर मला मदीनेतील एका महिलेची आठवण झाली. तिचेच चरित्र आज आपणासमोर ठेवीत आहे.

ह. रुफैदा (रजि.) या अस्लम कबिल्यातील. मदीनेच्या परिसरात वस्ती करून असलेल्या या कबिल्याने इस्लामचा स्वीकार केला आणि रुफैदा (रजि.) यांनीही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाती निष्ठेची शपथ घेतली. त्यांचे वडील वैद्य होते व त्यांच्या हाताखाली राहूनच त्यांनी जखमा धुणे, बांधणे व औषधे तयार करणे ही विद्या आत्मसात केली, अशी परंपरा आहे. प्राचीन चरित्रग्रंथांत त्यांच्याविषयी मोजक्याच ओळी आढळतात. काही ग्रंथांत याच तंबूशी कुऐबा बिन्त सअद अस्लमिया हे नाव जोडलेले आहे. परंतु त्या मोजक्या ओळींत जे आहे, ते एखाद्या मोठ्या ग्रंथाहून कमी नाही.

त्या ओळींचा आशय असा : मस्जिदे नबवीत त्यांचा एक तंबू होता. तेथे त्या जखमींवर उपचार करीत. ज्या मुसलमानास सांभाळणारे कोणी नाही, त्याची सेवा त्यांनी अल्लाहकडून मोबदला मिळावा या आशेने स्वतःवर घेतली होती. वाचकहो, यातील प्रत्येक शब्दावर थांबून विचार करावा. तंबू गावाबाहेर नव्हता. जेथे दिवसातून पाच वेळा संपूर्ण वस्ती एकत्र येते, त्या ठिकाणी तो होता. जखमी माणसाला शोधत फिरावे लागू नये, कोठे जायचे हे आधीच सर्वांना ठाऊक असावे, हा त्यामागील सोपा आणि थोर विचार. संकट आल्यावर धावाधाव करणे वेगळे, आणि संकट येण्यापूर्वी जागा, माणसे व साहित्य सज्ज ठेवणे वेगळे. रुफैदा (रजि.) यांचे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

ज्यांना सांभाळणारे कोणी नाही, अशांमध्ये मदीनेत त्या काळी कोण असतील? हिजरी सन ३ मध्ये, म्हणजे इ. स. ६२५ साली, उहुदच्या लढाईत सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले. एका लहानशा वस्तीतून सत्तर पुरुष गेले, तर किती घरांतील मुले पोरकी झाली असतील, याची कल्पना आपण करू शकता. अशा काळात निराधारांसाठी उघडा असलेला तंबू कोणासाठी उघडा होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याच उहुदच्या दिवशी प्रेषित (स.) यांच्या चेहऱ्याला जखम झाली. ह. अली (रजि.) ढालीतून पाणी आणून ओतत होते आणि ह. फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त अधिकच वाहते आहे, हे लक्षात येताच त्यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर दाबली आणि रक्त थांबले. येथे एक सावधगिरी बाळगावी. राख हे त्या काळी उपलब्ध असलेले साधन होते. आज जखमेत राख भरल्यास विकार होऊ शकतो, म्हणून ते करू नये. या प्रसंगातून घ्यायचे ते हे, की पाहात राहायचे नाही; एका उपायाने लाभ होत नसेल तर आपल्या काळातील अधिक चांगला उपाय ताबडतोब करायचा.

हिजरी सन ५ मध्ये, इ. स. ६२७ साली, खंदकची लढाई झाली. सुमारे दहा हजारांचे सैन्य मदीनेवर चालून आले. ह. सलमान फारसी (रजि.) यांच्या सूचनेनुसार उघड्या बाजूस खंदक खोदण्यात आला. आपण युद्धाच्या या कथा अनेकदा ऐकल्या आहेत. आज मात्र मुलांकडे पाहावे. स्त्रिया व मुले यांना आधीच गढ्यांमध्ये सुरक्षित ठेवण्यात आले होते. ह. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) तेव्हा लहान होते. ते आणि उमर बिन अबी सलमा (रजि.) एका गढीत होते व एकाने वाकायचे, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर चढून बाहेर पाहायचे, असे आळीपाळीने करीत. उहुदच्या वेळी चौदा वर्षांच्या ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना लढाईस येऊ दिले गेले नव्हते, पंधरा वर्षे झाल्यावर खंदकच्या वेळी अनुमती मिळाली. मुलाचे शरीर हे लहान आकाराचे प्रौढ शरीर नव्हे, त्याचे रक्षण वेगळेपणाने करावे लागते, ही जाणीव त्या समाजात होती.

याच लढाईत अन्सारांचे सरदार ह. सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या मुख्य शिरेत बाण लागला. रक्त थांबेना. प्रेषित (स.) यांनी जखमेला डाग दिला; हात सुजला, पुन्हा डाग द्यावा लागला. नंतर त्यांना रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवण्यात आले, जेणेकरून जवळून त्यांची विचारपूस करता यावी. प्रेषित (स.) सकाळी येत, रात्र कशी गेली ते विचारीत, संध्याकाळी येत, दिवस कसा गेला ते विचारीत. राज्याचा सर्व भार ज्यांच्या खांद्यावर, ते एका सेविकेच्या तंबूत दिवसातून दोन वेळा येतात. त्या काळात रुफैदा (रजि.) यांच्या कार्यास याहून मोठी मान्यता कोणती मिळणार होती?

काही आठवड्यांनंतर ती जखम पुन्हा फुटली. शेजारी मस्जिदीतच बनू गिफारचा तंबू होता. तेथील लोकांनी आपल्याकडे वाहत आलेले रक्त पाहिले, तेव्हा काय झाले ते कळले. ह. सअद (रजि.) यांचे निधन झाले. त्यांचे वय सुमारे ३७ वर्षांचे होते. रुफैदा (रजि.) यांच्या चरित्रातील ज्या रुग्णाची सर्वांत सविस्तर नोंद आहे, तो रुग्ण वाचला नाही. तरीही त्यांच्या सेवेस कोणी व्यर्थ म्हटले नाही. जीवन व मृत्यू अल्लाहच्या हाती आहेत. आपल्या हाती केवळ वेळेवर व योग्य रीतीने केलेला प्रयत्न आहे, आणि आपला हिशेब त्या प्रयत्नाचाच होणार आहे.

रुफैदा (रजि.) एकट्या नव्हत्या. ह. उम्मे अतिया (रजि.) यांनी सात मोहिमांत जखमींची शुश्रूषा केली. ह. रुबैयि बिन्त मुअव्विज (रजि.) व त्यांच्या सोबतिणी तहानलेल्यांना पाणी देत आणि जखमींना मदीनेस परत पोहोचवीत. हिजरी सन ७ मध्ये खैबरच्या मोहिमेस निघालेल्या सेवाभावी महिलांत रुफैदा (रजि.) यांचा उल्लेख येतो. याच मोहिमेत बनू गिफारच्या स्त्रियांबरोबर एक नुकतीच वयात आलेली मुलगी होती. प्रेषित (स.) यांनी तिला प्रवासात आपल्या उंटावर मागे जागा दिली आणि विजयानंतर स्वहस्ते तिच्या गळ्यात हार घातला. तो हार तिने जन्मभर गळ्यातून काढला नाही आणि आपल्याबरोबर तो दफन करावा अशी इच्छा व्यक्त केली. शुश्रूषेची विद्या मुलींना लहान वयातच शिकवावी व त्यांचा सन्मान करावा, हा धडा आपल्या घरांना यातून मिळतो. युरोपात फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियाच्या युद्धभूमीकडे निघाल्या, त्याच्या सुमारे बाराशे वर्षे आधीचे हे चित्र आहे.

आता एका जखमी मुलाची गोष्ट. मुक्त झालेल्या गुलामाचा, ह. जैद बिन हारिसा (रजि.) यांचा, पुत्र उसामा लहान असताना उंबरठ्याला अडखळून पडला व त्याचे तोंड फुटले. जवळच्यांना क्षणभर रक्ताचा संकोच वाटला. तेव्हा प्रेषित (स.) यांनी स्वतः त्याच्या जखमेतील रक्त दूर केले आणि तो मुलगी असता तर आपण तिला कसे नटविले असते, असे लाडाचे बोलून त्याची भीती घालविली. जखम व भीती, या दोहोंवर एकाच वेळी उपचार करावा लागतो, हे आजचे बालरोगतज्ज्ञही सांगतात.

वाचकहो, हे सर्व आपल्या परतवाड्याशी कसे जोडले जाते, ते पाहू. आपल्याकडे घाटाचा रस्ता आहे, आरागिरण्या आहेत, विहिरी व संत्र्याचे बगीचे आहेत, चुलीवर उकळते पाणी आहे, संक्रांतीचा मांजा आहे. अमरावती सुमारे ५० किलोमीटर दूर. म्हणजे गंभीर जखम झालेल्या मुलाचा पहिला तास बहुधा आपल्याच हाती असतो. दहा किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात जेमतेम ८०० मिलिलिटर रक्त असते. मोठा माणूस ३५० मिलिलिटर रक्त दान करून घरी चालत जातो. तेवढेच रक्त त्या बाळाचे गेले, तर प्राण धोक्यात येतात. मुलांचे शरीर लवकर थंड पडते, आणि कोठे दुखते हे त्यांना नीट सांगता येत नाही. म्हणून मुलांसाठी वेगळी तयारी हवी.

ती तयारी अवघड नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. ते भिजले तर न काढता त्यावर दुसरे ठेवावे. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे व उरलेले अंग उबदार ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये. उंचावरून पडलेल्या मुलास ओढून उभे करू नये. मान न हलविता पडू द्यावे. डोक्याला मार लागून उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल, तर झोपू द्या म्हणून वाट पाहू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. हा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा. रस्त्यावरील जखमीस मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीतीही सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आहेत व २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीतही तसे कलम आले आहे.

प्रेषित (स.) यांनी रात्री दिवे विझवून झोपण्याची आणि तिन्हीसांजेला मुलांना घरात ठेवण्याची ताकीद दिली होती. अपघात होण्यापूर्वीच तो टाळणे हीदेखील सुन्नत आहे.

माझी आपणास नम्र विनंती आहे. आपल्या मोहल्ल्यातील मस्जिदीत एक पेटी ठेवावी : स्वच्छ पट्ट्या, कात्री, हातमोजे, एक चादर आणि जवळच्या डॉक्टरांचे क्रमांक. वर्षातून दोनदा एखाद्या परिचारिकेस अथवा रुग्णवाहिकेवरील डॉक्टरांस बोलावून स्त्री-पुरुष, मोठी मुले, रिक्षाचालक व मक्तबचे शिक्षक यांना हे सर्व हाताने करून शिकवावे. ऐकून ही विद्या येत नाही, हे मी त्या पायरीजवळ अनुभवले आहे. आमच्या मक्तबमध्ये आता अशी पेटी आहे. शिकण्यास सर्वप्रथम मी बसलो, आणि शिकविणाऱ्यांच्या शेजारी त्या शेजारीणबाई होत्या.

रुफैदा (रजि.) यांची कबर कोठे आहे, हे आपल्याला ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. त्यांचा तंबू कोठे होता, हे मात्र ठाऊक आहे. तो मस्जिदीत होता. अल्लाह आपल्या मस्जिदींना पुन्हा तसा आश्रय बनवो, आपल्या लेकरांचे रक्षण करो आणि गरजेच्या क्षणी आपले हात उपयोगी ठरवो. आमीन.