नागदेवाचार्य

नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास हे महानुभाव पंथाचे पहिले आचार्य होत. पंथप्रवर्तक श्रीचक्रधरस्वामींचे ते प्रमुख शिष्य. आद्य मराठी कवयित्री महदंबा ही त्यांची चुलत बहीण. त्यांच्या आचार्यपदाचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, देवगिरीच्या यादवांच्या राजवटीतील आहे.

पंथपरंपरेनुसार शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये चक्रधरांनी उत्तरापंथे प्रयाण केले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. मागे उरले ते शिष्यांच्या स्मरणातील बोल आणि भिक्षूंसाठी घालून दिलेला कठोर आचार. भिक्षान्नावर निर्वाह, अहिंसा, एका जागी न गुंतता अटन, आप्तस्वकीयांचा संबंध तोडणे व नामस्मरण ही त्याची मुख्य अंगे होती. हा आचार स्त्रियांनाही खुला होता, आणि त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हती. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या निधनानंतर विखुरण्याच्या बेतात आलेला हा समुदाय एकत्र ठेवण्याचे काम नागदेवांनी केले. भिक्षूंच्या वर्तनातील बारीकसारीक प्रश्नांवर त्यांनी दिलेले निर्णय ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात पाहावयास मिळतात.

त्यांचा सर्वांत दूरगामी निर्णय भाषेविषयीचा होय. केशोबास हे संस्कृतचे गाढे पंडित होते. पंथाचे शास्त्र संस्कृतात बांधण्याचा त्यांचा मानस नागदेवांनी मान्य केला नाही. तसे झाल्यास पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, हे त्यांचे कारण होते. आचार्यांनी पांडित्याच्या प्रतिष्ठेपेक्षा अशिक्षित शिष्यांची सोय मोठी मानली, हे विशेष. पुढे केशोबासांनीच ‘सूत्रपाठ’ व ‘दृष्टान्तपाठ’ मराठीत सिद्ध केले. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून चक्रधरांच्या आठवणी मिळविल्या, नागदेवांकडून त्या पारखून घेतल्या आणि ‘लीळाचरित्र’ रचले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ समजला जातो.

नागदेवांनंतर बाइदेवबास आचार्य झाले. भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपालवध’ हे काव्य उत्तम असले तरी विरक्तांना योग्य नाही, असा अभिप्राय परंपरा त्यांच्या नावे सांगते.

पुढील शतकात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. सर्वांना कळावे म्हणून मराठीत लिहिलेले हे वाङ्मय त्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी वाचकास कित्येक शतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपीचा उलगडा झाला, तेव्हा ते अभ्यासकांच्या हाती आले.