वैमानिक झां मर्मोझ : एका नोकरीची सुरुवात

आपल्या ज्ञातिबांधवांची मुले आता वैमानिकाचा परवानाही मिळवू लागली आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु परवाना हाती आल्यावर नोकरी लगेच मिळतेच असे नाही, आणि मधल्या काळात कारखान्यात काम करणे पुष्कळांस कमीपणाचे वाटते. अशा घरांतून एका फ्रेंच वैमानिकाचे चरित्र वाचले जावे, म्हणून हा अल्प परिचय.

झां मर्मोझ यांचा जन्म ९ डिसेंबर १९०१ रोजी उत्तर फ्रान्समध्ये झाला. सैन्यात त्यांनी वैमानिकाचे शिक्षण पुरे केले व सीरियाच्या वाळवंटावर उड्डाणे केली. १९२४ साली सैन्यातून मुक्त होऊन ते पॅरिसला आले, तेव्हा शेकडो तासांचा अनुभव गाठीशी होता. परंतु महायुद्ध संपलेले. वैमानिक उदंड आणि नोकऱ्या थोड्या. पाकिटांवर पत्ते लिहून चार पैसे मिळवावे आणि कधी उपाशीच निजावे, असे दिवस त्यांनी काढले.

अखेर तुलूझच्या लातेकोएर कंपनीचे बोलावणे आले. ही कंपनी स्पेनवरून मोरोक्कोपर्यंत विमानाने टपाल नेत असे. तेथील व्यवस्थापक दिदिए दोरा हे स्वतः युद्धात लढलेले, मितभाषी व करारी गृहस्थ. त्यांनी मर्मोझांस विमान दिले नाही, कारखान्यात धाडले. इंजिने उकलावी, काजळी धरलेले सिलिंडर क्षाराच्या पाण्यात घासून धुवावे, पुन्हा जोडावे, हेच काम कित्येक आठवडे चालले. यात अपमान करण्याचा हेतू नव्हता. कंपनीची ब्रेगे विमाने युद्धातील जुनी होती. इंजिन वाटेत बंद पडे, आणि उजाड माळावर उतरलेल्या वैमानिकास ते समजणे अगत्याचे होते. १९२६ साली आलेले लेखक-वैमानिक सेंत-एक्झ्युपेरी यांनाही याच कारखान्यातून जावे लागले.

पुढे परीक्षेचा दिवस आला. इतके दिवस कोंडलेला उत्साह उफाळून मर्मोझांनी आकाशात कसरती करून दाखविल्या. खाली उतरताच दोरांनी सुनावले की, असले खेळ सर्कशीत करावे, येथे टपाल न्यावयाचे आहे. मर्मोझ संतापून सामान बांधू लागले. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी हीच घटका होती. दोरांनी त्यांस परत बोलाविले. मर्मोझांनीही राग गिळून पुन्हा उड्डाण केले, या खेपेस सरळ, साधे आणि शिस्तीचे. नोकरी मिळाली.

१९२६ साली इंजिन बिघडून ते सहारात उतरले, टोळीवाल्यांच्या हाती सापडले व खंडणी देऊन सुटले. मार्च १९२९ मध्ये अँडीज पर्वतात सुमारे ४,००० मीटर उंचीवरील पठारावर त्यांचे विमान अडकले. सोबत यांत्रिक कोलेनो होते. कडाक्याच्या थंडीत दोघांनी मिळेल त्या वस्तूंनी मोडतोड दुरुस्त केली आणि विमान कड्यावरून झोकून सुखरूप खाली आणले. १२ व १३ मे १९३० रोजी दोन साथीदारांसह सेनेगलहून ब्राझीलपर्यंत, सुमारे २१ तासांत, त्यांनी दक्षिण अटलांटिकपार टपाल पोहोचविले.

फेब्रुवारी १९३६ मध्ये कोलेनो याच महासागरावर नाहीसे झाले. ७ डिसेंबर १९३६ रोजी मर्मोझ डाकारहून निघाले, बिघाडामुळे परतले, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा निघाले. काही तासांनी मागील उजवे इंजिन बंद करीत असल्याचा संदेश आला. पस्तीस वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उरले होते. विमान किंवा त्यातील पाच जणांपैकी कोणीही सापडले नाही.