प्रकाशाचा डॉक्टर : नील्स फिन्सेन

ब्रँच कोणतीही असो, फर्स्ट इयरला लेन्स आणि वेव्हलेंग्थ कुणालाच चुकलेल्या नाहीत. एवढ्याच सामानावर एका माणसानं नोबेल मिळवलं, आणि तेही मेडिसिनचं!

नील्स फिन्सेनचा जन्म १८६० चा, फॅरो बेटांवरचा. १८९० मध्ये तो कोपनहेगनला डॉक्टर झाला, पण तोवर एका दुर्धर आजारानं त्याला गाठलं होतं. पोटात पाणी साठायचं, सतत थकवा असायचा. राहतं घर उत्तरेकडे तोंड केलेलं, त्यात ऊन येत नसे. उन्हात बसलं की मात्र त्याला बरं वाटायचं. ऊन शरीरात नेमकं करतं तरी काय, हा प्रश्न मग त्याच्या डोक्यातून गेलाच नाही.

त्या काळी त्वचेचा क्षय माणसाचं नाक, गाल अक्षरशः खाऊन टाकायचा. लोक तोंड लपवून जगायचे. १८९५ मध्ये फिन्सेननं अशा एका पेशंटवर कार्बन आर्कच्या दिव्याचा झोत टाकला. हा पेशंट कोण, तर कोपनहेगनच्या वीजकेंद्रातला एक इंजिनिअर! झोतातली उष्णता पाण्याच्या फिल्टरनं काढून टाकली, म्हणजे कातडी भाजणार नाही. काही महिन्यांत जखमा भरू लागल्या. १८९६ मध्ये त्याची संस्था उभी राहिली आणि तिथं शेकडो लोकांना आपला चेहरा परत मिळाला.

एक अडचण होती रक्ताची. रक्त प्रकाश शोषून घेतं, आत जाऊच देत नाही. म्हणून तो पारदर्शक स्फटिकानं कातडी दाबून धरायचा, तिथलं रक्त बाजूला सारायचा आणि मगच झोत सोडायचा.

१९०३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत होता. बक्षिसातला मोठा वाटा त्यानं दान केला. १९०४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी तो गेला. त्याच्या स्वतःच्या दुखण्यावर कुठलाच दिवा चालला नाही.

पुढे अँटिबायोटिक्स आली आणि त्याचे दिवे मागे पडले. पण १९८० च्या दशकात डाय लेसर आला. जन्मतःच चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचे लालजांभळे डाग असलेल्या मुलांवर तो वापरतात. पिवळा झोत रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, तापतं, आणि नको असलेली बारीक रक्तवाहिनी बंद पडते. आजूबाजूची कातडी बहुतांशी शाबूत राहते. म्हणजे फिन्सेनला जे रक्त आडवं येत होतं, तेच आता नेम धरायची जागा झालंय. पुढच्या वेळी अॅब्सॉर्प्शनचा ग्राफ नुसता पाठ करताना हे जरूर आठवा!