नट ढिले होत राहिले आणि विमान जमिनीवरच बसून राहिलं : राईट बंधूंच्या मेकॅनिकची गोष्ट

विमान कुणी बनवलं असं विचारलं की शाळेतलं पोरगंही राईट बंधूंचं नाव घेतं. पण त्या विमानाचं इंजिन विल्बरनेही घडवलं नव्हतं आणि ऑर्विलनेही नाही. ते घडवलं त्यांच्या सायकलच्या दुकानात पगारावर असलेल्या माणसाने. त्याचं नाव चार्ली टेलर.

चार्लीचा जन्म २४ मे १८६८ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. बाराव्या वर्षी शाळा सुटली. पुढे ओहायोतल्या डेटन गावात तो मशीनचं काम करू लागला. १९०१ मध्ये राईट बंधूंनी त्याला आठवड्याला १८ डॉलरवर ठेवून घेतलं. दोघा भावांना ग्लायडर उडवायला किटी हॉकच्या समुद्रकिनारी जायचं असायचं, मागे दुकान सांभाळायला कुणीतरी हवं होतं. बस्स, एवढंच कारण.

ग्लायडर जमला, आता इंजिन हवं होतं. भावांनी बऱ्याच कंपन्यांना पत्रं पाठवली, पण हवं तेवढं हलकं इंजिन कुणाकडेच मिळेना. मग ठरलं की घरीच बनवू. चार्लीने तोवर पेट्रोल इंजिनात हात घातला होता तो फक्त एकदा, एका मोटारीची दुरुस्ती करताना.

दुकानात हत्यारं म्हणजे एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हाताची अवजारं. रीतसर ड्रॉइंग नाही, तिघं कागदावर आकृती काढायचे आणि चार्ली ती समोर लावून काम करायचा. क्रँकशाफ्टसाठी त्याने जवळपास ४५ किलोची पोलादी लादी घेतली. तिच्यावर आकार आखला, रेषेलगत भोकं पाडली, नको तो भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि उरलेलं लेथवर तासलं. शेवटी हातात आला साधारण ९ किलोचा क्रँकशाफ्ट. सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन उभं राहिलं. फेब्रुवारी १९०३ मधल्या चाचणीत त्याचा ॲल्युमिनियमचा सांगाडा तडकला, तो पुन्हा ओतून आणावा लागला. पण नंतर इंजिनाने १२ हॉर्सपॉवर दिली. भावांना ८ पुरली असती!

खरा घोळ पुढे झाला.

या विमानात ताकद इंजिनातून पंख्यांपर्यंत जायची ती चेनने, सायकलसारखीच. पंख्याच्या शाफ्टवर स्प्रॉकेट आट्यांवर बसवलेलं आणि ते फिरून सुटू नये म्हणून वर उलट्या आट्यांचा नट. कागदावर एकदम पक्कं. पण ५ नोव्हेंबर १९०३ ला किटी हॉकवर इंजिन चालू केलं, ते अडखळत धडधडायला लागलं आणि त्या धक्क्यांनी स्प्रॉकेट ढिले झाले, शाफ्टही खराब झाले. शाफ्ट परत डेटनला, चार्लीकडे. तो तिथेच होता, दुकान सोडून येता येत नव्हतं. त्याने दुरुस्त करून पाठवले, ते २० तारखेला पोचले. बसवले, इंजिन चालू केलं, स्प्रॉकेट परत ढिले!

असं का होतं? नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे आटे एकमेकांना घट्ट धरतात. ही पकड घर्षणाची असते. धडधड सुरू झाली की आटे क्षणभर एकमेकांवर सरकतात, पकड सुटते आणि नट कणाकणाने मागे फिरतो. नुसता जोरात आवळून हा रोग जात नाही. म्हणूनच आज घरी विमान बांधणारे हौशी लोकही इंजिनाच्या बोल्टच्या डोक्यातून तार ओवून, तिला पीळ देऊन बांधतात. तार अशा बाजूने ओढायची की बोल्ट सुटायला लागला तर ती त्याला आवळायच्या दिशेनेच खेचेल. कुठे खाचांचा नट आणि त्यातून कॉटर पिन असते, तर कुठे आट्यांना चिकटद्रव लावतात.

भावांनी शेवटी केलं ते यातल्या तिसऱ्या प्रकाराचंच. सायकलचं टायर रिंगला चिकटवायचं सिमेंट त्यांच्या ओळखीचं होतं. शाफ्ट आणि स्प्रॉकेट तापवून त्यांनी ते आट्यांत वितळवलं आणि दोन्ही एकमेकांत पिळून बसवलं. पुन्हा ते हललं नाही. सायकलवाल्याचा जुगाड म्हणा हवं तर.

मग एका पोकळ शाफ्टलाच चीर गेली. ऑर्विल डेटनला जाऊन स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव शाफ्ट घेऊन आला आणि १७ डिसेंबर १९०३ ला विमान उडालं. पहिल्यांदा १२ सेकंद, त्याच दिवशी चौथ्या खेपेला ५९ सेकंद. ज्याचं इंजिन होतं तो तेव्हा शेकडो किलोमीटर लांब डेटनमध्ये होता.

चार्ली पुढेही अनेक वर्षं राईटांकडे राहिला. त्याला स्वतःला विमान चालवायला शिकायचं होतं, पण भावांनी ते काही मनावर घेतलं नाही. चांगला मेकॅनिक हातचा कोण घालवेल!

नंतर तो कॅलिफोर्नियाला गेला, जमिनीत घातलेले पैसे बुडाले. लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात तो तासावर मजुरी करत होता आणि शेजारी काम करणाऱ्यांना हा कोण आहे याचा पत्ताही नव्हता. हेन्री फोर्डला राईटांचं दुकान आपल्या संग्रहालयात पुन्हा उभं करायचं होतं, त्याने चार्लीला शोधून काढलं आणि कामाला लावलं. ऑर्विलने मृत्युपत्रात त्याच्यासाठी वर्षाला ८०० डॉलर ठेवले होते. महागाईत ते पुरले नाहीत. म्हातारपणी तो धर्मादाय वॉर्डात सापडला, तेव्हा विमान क्षेत्रातल्या लोकांनी पैसे गोळा करून त्याला चांगल्या ठिकाणी हलवलं. ३० जानेवारी १९५६ ला, ८७ व्या वर्षी तो गेला.

आज अमेरिकेचं विमान वाहतूक खातं पन्नास वर्षं विमानं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला जो सन्मान देतं, तो चार्ली टेलरच्याच नावाचा आहे.