राक्षसाचे डोळे
बोरिस कार्लॉफ यांचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७ चा, लंडनचा. सयामच्या दरबारातील शिक्षिका ॲना लिओनोवेन्स अहमदनगरात जन्मली. तिची बहीण ही यांची आजी. १९०९ साली कॅनडात जाऊन ते नट झाले. किरकोळ कामांत चाळिशी उलटली. मग १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’! आरंभीच्या नामावलीत राक्षसापुढे प्रश्नचिन्हच होते. संवाद नाहीत; जड रंगभूषेतून डोळे नि हात तेवढे बोलले. १९६९ साली ते निवर्तले. १९७३ मध्ये दूरचित्रवाणीवर हीच कथा आली. तीत राक्षस आधी देखणा, मग हळूहळू विद्रूप होतो. युक्ती नामी खरी, पण हळहळ वाटते ती गेलेल्या रूपाची. कार्लॉफ यांचा कुरूप जीव झरोक्यातल्या उजेडाकडे हात पसरतो, तेव्हा मात्र काळजात कालवाकालव होते.